हद्दीपलीकडचा दोडका

कोणावर काही लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो: खाण्यासाठी भाजी लावणारे पुष्कळ असतील, भांडणासाठी भाजी लावणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि त्याचा वाफा आमच्या वाफ्याला लागून होता.

काळाचौकीतली आमची चाळ पडून टॉवर झाला, तेव्हा पार्किंगच्या मागे मातीची एक पट्टी उरली. कमिटीने तिचे वाफे पाडून हौशी लोकांना दिले. आईने एक घेतला, आणि कॉलेजला जाण्याआधी पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळे मिरची, कोथिंबीर, तुळस अशी आपल्या जागेत गुमान राहणारी झाडं लावत. शेजारचे काका मात्र फक्त वेल लावायचे. दोडका, पडवळ, कारलं. काका गोदीतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून खोलीत एकटेच. त्यांचा वेल कधी आमच्या वांग्यांवर चढायचा, कधी पलीकडच्या शिक्षिकाबाईंच्या मिरचीवर. पडवळ सरळ वाढावं म्हणून ते त्याच्या टोकाला दगड बांधायचे, आणि तो दगड नेमका बाईंच्या डोक्याशी लोंबायचा. बाई तणतणत यायच्या. "काका, तुमचा दोडका माझ्या मिरचीवर झोपलाय!"

"हळू बोला हो, रात्रभर चढत होता बिचारा."

मी तक्रार केली की थेट मालवणीत उतरायचे. "काय रे झिला, माझो वेल तुका चावता काय?" मग हद्द कुठली, वेल कोणाचा, तुमच्या बाजूला लोंबणारं फळ कोणाचं, यावर अर्धा तास कडाक्याचा वाद. वाद संपला की पिशवीतून थर्मास निघायचा, त्याच्याबरोबर स्टीलचे चार पेले. एकट्या माणसाला चार पेले कशाला, हे मी कधी विचारलं नाही. वादातला दोडका शेवटी ते समोरच्यालाच देऊन टाकायचे, पण न भांडता नुसता मागितलेला त्यांना खपत नसे. "भांडल्याशिवाय चव येत नाय." दोन-तीन दिवस कोणीच तक्रारीला आलं नाही, तर ते स्वतः वेलाचा शेंडा हळूच उचलून पलीकडे वळवायचे. एकदा मी ते पाहिलं. "बघतोस काय? नवीन आहे तो. वाट दाखवायला लागते."

रोजच्या कटकटीला कंटाळून कमिटीने वाफ्यांच्या मध्ये हिरवी जाळी मारायचं ठरवलं. मीटिंगमध्ये विरोधाला काका एकटेच. "जाळी कशाला? हय काय गुरां चरतत?" सगळे हसले, आणि जाळी लागली.

त्या वर्षी काकांचे वेल सरळ वर गेले आणि पीक असं आलं की पाहत राहावं. येणारेजाणारे "वा काका, मस्त!" म्हणायचे आणि पुढे जायचे. मस्त म्हणायला थांबावं लागत नाही. थर्मास भरलेला यायचा, भरलेलाच परत जायचा. एका सकाळी ते जाळीला बोटं अडकवून उभे होते. बाई मिरच्या तोडत होत्या.

"बाई, माझ्या वेलाचा काही त्रास नाही ना?"

"छे हो काका," बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "आता काहीच त्रास नाही."

पुढच्या उन्हाळ्यात पुतण्या येऊन त्यांना गावी घेऊन गेला. मोठं घर आहे, भरपूर जागा आहे, तिकडे मन रमेल, असं म्हणाला. फोन लावला तर लागत नसे. आई अधूनमधून विचारायची, मीही वॉचमनला विचारायचो, पण कोणाला काही कळलेलं नव्हतं.

गणपतीला गावी गेलेले त्यांचे एक गाववाले परवा लिफ्टमध्ये भेटले. मी विचारलं तर म्हणाले, "बरो आसा म्हातारो. वेल तर असले माजलेत, पार शेजाऱ्याच्या कौलांवर चढलेत."

"मग शेजारी भांडत नाहीत?" मी आशेने विचारलं.

"शेजारी खंयचे रे? आजूबाजूची सगळी घरां बंद. सगळे हय मुंबईत."