खांबांना आवतन

माझ्यासारख्यानं कुणावर लिहायला बसावं, हे जरा जास्तच होतंय, याची मला जाणीव आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या गावच्या आबाजींइतका बैलवेडा माणूस त्रिभुवनात झाला नसेल, आणि त्यांच्याकडे एकही बैल नव्हता.

होता तो कोठा. आमच्या आष्टीकडे गोठ्याला कोठा म्हणतात. आबाजींच्या आजोबांनी उभारलेला, सागवानी खांबांचा. शेवटची बैलजोडी गेली तेव्हा आबाजींनी तो सारवून गावासाठी उघडा केला. ग्रामसभा, बचतगट, भजन, बारसं, सगळं तिथंच. मात्र कोणत्या खांबाशी कोणता बैल असे, हे ध्यानात ठेवून बसावं लागे. एकदा तालुक्याहून आलेले साहेब एका खांबाला टेकले. आबाजी हात जोडून म्हणाले, "साहेब, थोडं सरकून बसा. तो मारका होता." साहेब सरकले, आणि सभा संपेपर्यंत मागं वळून पाहत राहिले. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे भाऊ आले, की त्यांना जुन्या जोडीच्या जागेवर बसवत. "यायनं जलमभर एक जू ओढलं. तुम्ही एक चहा तं प्या."

मी बारावीचा अभ्यास तिथंच केला. दुपारी फटींतून उन्हाचे पट्टे वहीवर उतरत, कुठूनसा कुटाराचा, बैलांच्या सुक्या चाऱ्याचा, वास येई, आणि डोळा लागता लागता वाटे, मागं कुणीतरी सावकाश रवंथ करतंय.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आबाजी ते खांबांना म्हणत आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकापुढं पुरणपोळी ठेवत. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा, आमचा दादा, एका पोळ्याला म्हणाला, "बाबा, हे पडायला आलंय. पाडून गावाला पक्कं सभागृह बांधून देऊ."

"पाडजो ना. पण आवतन देल्लं हाये. पाव्हणे बसले असताना घर पाडते का कोणी?"

"मग पाहुणे उठणार कधी?"

आबाजींनी खांबांकडे पाहिलं. "ते काई बोलून नाई राह्यले."

या उन्हाळ्यात आबाजी गेले. दादानं कोठा पाडायला ठेकेदाराला पोळ्यानंतरचा दिवस दिला, असं कळलं. मी वर्ध्यात, नालवाडीतल्या खोलीवर होतो. पोळ्याच्या सकाळी आईचा फोन आला.

"दादा कोठ्यात आलता काल. लोण्याची वाटी घेऊन."

"नुसतं लोणी लावलं?"

"पहिले लोणीच लावत होता. मंग मारक्याच्या खांबापाशी लय वेळ उभा राह्यला."

"आणि आवतन?"

"देल्लं ना. हळूच म्हणला," आई म्हणाली. "पण बाहेर आम्ही सगळ्यायनं आयकलं."