साडूभाऊंचं ॲड्रेस बुक

माणसांनी एकमेकांच्या नजरेस पडू नये, एवढ्याच कामाचा पगार घेणारा इसम साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझ्याच नशिबी साडू म्हणून यावा, याला काय म्हणावं. आमची कंपनी पाइपांची. कारखाना आणि हेड ऑफिस जळगावला, मी धुळ्याच्या डेपोत, आणि साडूभाऊ जळगावला कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख. खातं म्हणजे ते स्वतः, हाताखालच्या एक बाई आणि एक एसी.

पूर्वी कंपनीच्या मेलमध्ये सगळ्यांचं मिळून एकच ॲड्रेस बुक होतं. उघडलं की शेठपासून वॉचमनपर्यंत सगळी नावं दिसत. एकदा आमच्या डेपोतल्या एका शहाण्याने 'आज शेठ मुंबईला गेलेत, चारलाच सुटू' असा मेल मित्राला पाठवायच्या ऐवजी 'सर्व' या नावावर पाठवला. त्या सर्वांत शेठही होते. त्याला चार शब्द सुनावून विषय मिटला असता. पण शेठ साडूभाऊंना म्हणाले, "काहीतरी बंदोबस्त करा," आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं.

पंधरा दिवस खोलीचं दार लावून त्यांनी पॉलिसी बनवल्या. धुळ्याला फक्त धुळ्याची नावं दिसणार, कारखान्याला कारखान्याची. चाळीसगावला आमचा एकच माणूस, त्याला एकच नाव दिसे, त्याचं स्वतःचं. शेठ कोणालाच दिसत नसत. 'सर्व' म्हटलं तरी ज्याला जेवढे दिसतात तेवढेच त्याचे सर्व. पाइपांची गाडी कुठे अडली ते विचारायला मला डिस्पॅचवाल्याचं नावच सापडेना, म्हणून साडूभाऊंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "नाव दिसत नाही म्हणजे मेल जात नाही असं नाही. पूर्ण पत्ता हाताने टाइप करा, जाईल." पत्ता कुठे मिळेल, विचारलं. म्हणाले, "ॲड्रेस बुकात."

हा रोग घरातही शिरला. नातवाच्या बारशाला त्यांनी सुनेकडची माणसं एका खोलीत आणि आपल्याकडची दुसऱ्या खोलीत बसवली. "ज्यांचं एकमेकांशी काम नाही त्यांनी एकमेकांना बघून करायचं काय?" हे वर. मोबाईलमध्ये कोणाचा नंबर ठेवायचा नाही, का तर चुकून लागतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, नियम म्हणजे नियम म्हणून स्वतःलाही त्यांनी पॉलिसी लावून घेतली होती. त्यांना दिसत ते स्वतः, त्या बाई आणि मीटिंग हॉल. हॉलच्या बुकिंगसाठी हॉलच्या नावाने मेल उघडलेला होता, म्हणून तोही खात्यात.

गेल्या हिवाळ्यात ते रिटायर झाले. आमच्याकडे रीत अशी, की जाणाऱ्याने शेतात सगळ्यांना भरिताचं जेवण घालायचं. किती माणसं जेवून गेली, यावरून त्याची नोकरी कशी झाली ते लोक ठरवतात. आमची अक्का, म्हणजे बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची बायको, फोनवर म्हणाली, "रोज मला विचारतात, येतील ना गं लोक?" मी बायकोला म्हणालो, "कशाला येतील?"

शेवटच्या शनिवारी पाळधीच्या एका आबांच्या शेतात बेत होता. चारला शिफ्ट सुटणार, साडेचारला माणसं येणार. मी घरचा, म्हणून बायकोबरोबर दुपारीच पोचलो. तुराट्यांच्या जाळावर वांग्यांचा ढीग भाजून झाला, भरीत ठेचून झालं, पुऱ्यांचं पीठ भिजलं. साडेपाच वाजले तरी रस्त्यावर कोणी दिसेना. आबा दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "भाऊ, वांगा बठ्ठा भाजाई गयात. मानसे कव्हय येतीन?"

साडूभाऊ नवा शर्ट घालून बांधावर उभे होते. म्हणाले, "येतील." मग थोड्या वेळाने मला म्हणाले, "साडू, मीच सगळ्यांना एकमेकांपासून तोडलं. माझ्याकडे कोण येणार?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं टपून होतो. पण ऐकलं आणि बरं वाटलं नाही.

मी त्यांचा मोबाईल मागितला. आमंत्रणाचा मेल होता, पाठवला होता 'सर्व' या नावावर, स्वतःच्या पत्त्यावरून. उत्तरं दोन. बाईंनी कळवलं होतं की त्या जामनेरला लग्नाला आहेत. दुसरं उत्तर मीटिंग हॉलचं होतं. हॉल कुठल्याही बोलावण्याला आपोआप होकार देतो. तो येणार होता.

"अहो शहाणे," मी म्हणालो, "तुमचे सर्व म्हणजे तिघं."

ते मटकन खाटेवर बसले. जळगावचा एकही नंबर माझ्याकडे नव्हता, ह्यांच्याच कृपेने. मी म्हणालो, "पत्ते तरी आठवतात का एखाद-दोन?" त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लिहा."

आणि सांगत सुटले. कुठे टिंब, कुठे आकडा, सगळं. एकाच नावाचे पाच पाटील. "तीन नंबरचा पेंटिंगमधला, त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. चार नंबरचा रावेरचा, त्याची आई गेली यंदा." एका बाईंनी लग्नानंतरही पत्त्यात माहेरचं आडनाव ठेवायला सांगितलं होतं, तेही ध्यानात. ज्या माणसाने सगळ्यांना सगळ्यांपासून लपवलं, त्याने सगळ्यांना पाठ करून ठेवलं होतं. टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला.

दिवेलागणीला पहिल्या मोटारसायकली वळल्या. मग येतच राहिल्या. "सर, मेल आत्ता मिळाला हो," असं जो तो म्हणत होता. भरीत पुन्हा गरम केलं. साडूभाऊ हातात डाव घेऊन प्रत्येकाला नावाने हाक मारून वाढत होते, आणि मला तो डिस्पॅचवाला तिथे पहिल्यांदा दिसला. चांगला माणूस निघाला.

त्यांच्या जागी आलेल्याने आठवड्यात सगळ्या पॉलिसी काढून टाकल्या. आता पुन्हा शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे दिसतात, एक साडूभाऊ सोडून. परवा गाडी अडली, तेव्हा जुन्या सवयीने चार शिव्या लिहून मी त्यांचाच पत्ता हाताने टाइप केला. मेल परत आला, या पत्त्यावर कोणी नाही म्हणून. घरचा पत्ता मला माहीत होता. रविवारी सकाळची जळगावची बस धरली.