लोखंडी टेकूवरची लाकडी फळी

अगं, ये इकडे, जवळ बस. माणिकपुरात राहतेस आणि आत्याकडे फिरकत नाहीस, शोभतं का तुला? बाबाच्या खाणीचं विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हल्ली बोलायचाही थकवा येतो.

नव्वदनंतरची वर्षं. तुझा बाबा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत. जमिनीखाली छत तोलायला आधी झाडाच्या बल्ल्या लावत. मग जंगलं विरळ झाली, चांगल्या बल्ल्या मिळेनात, मिळाल्या तर ओलीने कुजत. म्हणून लोखंडी टेकू आले. ते बनायचे इथे वसईत, आमच्या वालीवच्या एका वर्कशॉपात, आणि तिथे हे वेल्डिंगला.

संध्याकाळी हे यायचे ते लाल डोळे घेऊन. जेवता जेवता डुलकी लागायची. मी विचारायची, "आजचा माल कुठे गेला?"

"चंद्रपूर."

झालं, मी हातातला घास ताटात ठेवायची. त्या टेकूंखाली माझा भाऊ उभा राहणार ना!

एकदा तो भाऊबीजेला आला, दोन दिवस राहिला. सुट्टीनंतर वर्कशॉप उघडल्यावर हे त्याला हौसेने घेऊन गेले, डब्याच्या निमित्ताने मीही गेले. आपली वसईची खारी हवा, फाटकापासून सायकलपर्यंत सगळ्याला रंग फासायची सवय. तसा यांनी टेकूंनाही चकचकीत ऑइलपेंट दिलेला, अगदी डोक्यावरच्या सपाट लोखंडी ताटलीपर्यंत. भावाने ताटलीवरून बोट फिरवलं.

"भाऊजी, काहून एवढं नटवलं? नवरी हाये का?"

"गंज चढला तर तुझ्याच डोक्यावर येईल, शहाण्या."

"अन् फळी घसरली तर?"

तेव्हा कळलं. टेकू आणि छत यांच्यामध्ये खाणीत लाकडाची जाड फळी ठोकत. छत बसायला लागलं की ती आधी चेपते, करकरते, आणि माणसं बाहेर पळतात. लोखंड काही सांगत नाही. गुळगुळीत रंगावर मात्र फळी टिकत नाही.

हे लगेच उठले. तारेचा ब्रश घेतला आणि ताटल्या खरवडत बसले. मालक कुरकुरला. तुझा बाबाही शेजारी बसून खरवडू लागला.

"बल्ल्या गेल्या, जाऊ देत," हे म्हणाले, "तू फळी सोडू नकोस."

"नाही सोडत, भाऊजी."

पुढे छत धरून ठेवायला त्यातच लांब बोल्ट ठोकायला लागले, टेकू कमी झाले, वर्कशॉपही बंद पडलं. तो मात्र रिटायर होईपर्यंत खाली जात राहिला, आणि मी इथे फोनजवळ.

आता तो कायमचा वर आलाय, तर गाव सोडत नाही. यांना प्रवास झेपत नाही. दोघे फोनवर नुसते खोकतात. त्याला घेऊन ये बाई, लवकर. नुसता बसू दे यांच्याजवळ.