बांगड्यांचं उत्तर

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोंदियात टेलिफोन असलेली घरं बोटांवर मोजण्यासारखी होती आणि त्यांतलं एक आमचं होतं. आमची तांदळाची मिल रेल्वे लाइनच्या पलीकडे होती. एक फोन मिलमध्ये लागला, दुसरा घराच्या पुढच्या खोलीत. कौतुक आठवडाभर टिकलं. मग कळलं की आमचा नंबर स्टेशनच्या नंबराशी मिळताजुळता आहे. दिवसातून चार वेळा कोणीतरी ओरडून विचारायचं, "जबलपूर की गाडी छूट गयी क्या?" आईनं सुरुवातीला "ये घर है" असं सांगून पाहिलं. नंतर तीही कंटाळली. शिटी ऐकू आली असेल तर "छूट गयी" आणि नसेल तर "अभी खडी है" असं सांगून मोकळी व्हायची. माझी खात्री आहे, स्टेशनच्या बाबूपेक्षा तिचं उत्तर जास्त वेळा खरं निघत असे. शिवाय रिकामटेकडे होतेच. कुठल्या तरी दुकानातून फोनची दांडी फिरवायची, "तुमच्याकडे हत्ती आहे का?" म्हणून विचारायचं आणि खिदळायचं. अशांना आई असं काही खडसवायची की हसणं घशातच अडकावं.

हीच आई एका माणसापुढे मुकी होती. ते म्हणजे मोठे बाबूजी, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, तिचे भासरे. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही आणि तेही तिला नावानं किंवा नात्यानं हाक मारत नाहीत. त्यांची बायको, मोठ्या आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मोठ्या बाबूजींचं जेवणखाण आईच पाहायची, पण दाराआडून. काही सांगायचं असलं की मला मध्ये उभं करत. "सांग तुझ्या आईले, दोन पाहुणे जेवाले आहेत." आई दोन हातांवर उभी राहून ऐकायची, पण उत्तर मी आणायचं. मी नसले तर आई बांगड्या वाजवायची. एकदा वाजवल्या तर हो, दोनदा वाजवल्या तर नाही. अठरा वर्षं या दोन शब्दांवर आमचं घर सुरळीत चाललं होतं.

टेलिफोन आला आणि हीच रीत त्यात शिरली. बाबूजी, म्हणजे माझे वडील, धान खरेदीसाठी चिचगडकडच्या गावांत फिरतीवर असायचे. मोठे बाबूजी मिलमधून फोन करायचे. "मी होय. डबा पाठवून द्या." एवढं बोलून ते थांबायचे. आई डोक्यावर पदर घ्यायची, हात फोनच्या भोंग्याजवळ न्यायची आणि एकदा बांगड्या वाजवायची. मिलमध्ये दहा-पंधरा माणसं हे रोज ऐकत. मोठे बाबूजी कान लावून बांगड्यांची वाट पाहतात, याची त्यांना केवढी गंमत वाटत असेल, हे आमच्या कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या वैशाखात ताईचं लग्न होतं. कपड्यावर कंट्रोल, धान्यावर कंट्रोल. आईनं दोन वर्षं एक-एक करून कपडे जमवले होते. नवरीचा शालू, व्याह्यांचं धोतर, विहिणीचं लुगडं, सगळं एका लोखंडी पेटीत. आणि अर्जुनीजवळच्या आमच्या शेतातल्या जुन्या चिन्नोर तांदळाचे चार बोरे, म्हणजे पोती. लग्नाचं जेवण त्याच तांदळावर होणार होतं.

चैत्रात एका दुपारी, मी शाळेत असताना, फोन आला. जाड, दबका आवाज. "मी होय. बैलबंडी पाठवली आहे. चिन्नोरचे बोरे देऊन टाका." आईच्या मनात प्रश्न आला असेलच. पण विचारायचं कसं? तिनं बांगड्या वाजवल्या. बोरे गेले.

संध्याकाळी मोठे बाबूजी घरी आले तेव्हा उलगडा झाला. त्यांनी फोन केलाच नव्हता. बाबूजी फिरतीवरून आले आणि भडकले. "बाईमाणसाच्या हाती फोन दिला का हेच होते! काढून टाका तो डब्बा!" आई स्वयंपाकघरात खाली मान घालून बसली होती. मला बाबूजींचा असा राग आला की आज लिहितानाही येतो. घरात सगळ्यांनी मिळून तिचं तोंड बंद ठेवायचं आणि वर तिनं विचारलं का नाही म्हणून ओरडायचं!

मोठे बाबूजी ओरडले नाहीत. त्यांनी मला दारात उभं केलं. "सांग तुझ्या आईले. फोनवर मी जरी असलो तरी विचारत जा. बोलून विचारत जा."

मी आत वळायच्या आधीच दोनदा बांगड्या वाजल्या. नाही.

मोठ्या बाबूजींनी मिलमध्ये या गोष्टीचं अवाक्षर काढलं नाही. लाजेपोटी असेल. मिलमधल्याच त्या चोराला वाटलं असणार, यांना अजून पत्ताच नाही.

आठ-दहा दिवसांनी शाळेला सुट्टी होती. मी आणि ताई अंगणात होतो. फोन वाजला. आईनं घेतला आणि पदर पुढे ओढला, तेव्हा मी ओळखलं, मोठ्या बाबूजींचा फोन असणार. मी जवळ जाऊन कान लावला.

"मी होय. व्याही मिलवर आले आहेत. कपडे पाहू म्हणून राहिले. लग्नाची पेटी बंडीवर ठेवून द्या."

दारात खरंच बंडी येऊन उभी राहिली होती. मी 'पेटी' म्हणून खुणावताच ताईनं आत धावत जाऊन पेटीवर बैठक मारली. पेटी गेली तर तसे कपडे पुन्हा मिळणार नव्हते आणि लग्नही लांबलं असतं. पण खरंच व्याही आले असतील तर? नाही म्हटलं तर त्यांच्या देखत मोठ्या बाबूजींची शोभा! आईचा हात वर गेला. बांगड्या वाजणार, इतक्यात तिनं तो हात छातीशी घट्ट दाबून धरला.

"आज डब्यात काय होतं?" ती म्हणाली.

पलीकडून एकदम डाफरणं, "भासऱ्यासंग तोंड वर करून बोलता? लाज नाही का?"

आई मागे हटली नाही. "लाज आहे म्हणूनच विचारून राहिली. डब्यात काय होतं?"

फोन बंद झाला. मी दाराशी गेले तर बंडीवाला बैलांच्या शेपट्या पिळत कोपऱ्यापर्यंत पोचला होता.

ताई टाळ्या पिटू लागली, पण आईचा चेहरा उतरलेला. "तेच असले तर? रागानं फोन ठेवला असला तर?" मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दांडी फिरवली आणि एक्स्चेंजच्या बाबूला मिल जोडून द्यायला सांगितलं. मी पुन्हा कान लावला.

"कोण?" मोठ्या बाबूजींचा आवाज आला.

"मी," आई म्हणाली. "आज डब्यात काय होतं?"

मागे मिलची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"वांग्याची भाजी होती, चण्याची डाळ होती," मोठे बाबूजी हळूच म्हणाले. मग, "डाळीत मीठ नव्हतं, बहू."

आईनं जीभ चावली. "याच्या आधीही झालं होतं काय असं?"

"होते कधी कधी."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"पोरीच्या तोंडून निरोप गेला असता तर तुले तक्रार वाटली असती. तुह्याशी बोलता आलं असतं तर सांगितलं असतं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तशीच ती हसली, मोठ्यानं, भोंग्यात. "पेटी घरीच आहे," ती म्हणाली, "आता घरी या, सगळं सांगते."