दाढोबांची घोडी

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणणाऱ्याने दाढोबांना पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं हा माणूस संग्रहालयाच्या तळघरात बसून दातच कोरत होता आणि पोट व्यवस्थित भरत होतं. दात अर्थात स्वतःचे नव्हेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या, कुत्र्याएवढ्या उंचीच्या घोड्यांचे. घोडे दगड होऊन गेले होते आणि दाढोबा त्यांच्यावरचा जास्तीचा दगड सुईने टोकरत. सहकारी त्यांना आधी पाठीमागे दाढोबा म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला माहीत उरलं.

अशा माणसाचं चरित्र एका ओळीचं असतं. दाढोबांनी ती ओळ नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी लिहून टाकली. एका डबीत कापसावर तीन सुटे दात आले. ठेवण पुढच्या उपदाढांची, पण घडण मागच्या दाढांसारखी, कंगोरेदार. त्या भागातल्या माहीत असलेल्या घोड्याच्या उपदाढा तर अगदी साध्या. दाढोबांनी भिंगातून पाहिलं, कॅलिपरने मोजलं आणि जाहीर केलं की ही घोड्याची नवी, जास्त प्रगत जात आहे. लग्न नुकतंच झालं होतं. बायकोच्या नावाला लॅटिन शेपूट लावून त्यांनी ते जातीला दिलं. डबीवर लाल ठिपका चिकटवला. लाल ठिपका म्हणजे ज्या दातावरून जातीचं नाव पडलं, तो दात.

"बायकोचं नाव फुलाला देतात, अहो," बायको म्हणाली. "तुम्ही दिलंत घोडीला. तेही मेलेल्या."

पण तो छापील लेख तिने कपाटात, लग्नाच्या फोटोंखाली ठेवला. आल्यागेल्याला दाखवायला लागतो म्हणून.

तेवढ्यावर सगळं सुखात चाललं असतं. पण बायकोला धाकटा भाऊ होता आणि तो दातांचा डॉक्टर होता. लेखातला फोटो पाहून तो तेव्हा म्हणाला होता, "भावोजी, याचं एनॅमल किती पातळ आहे. मला तर दुधाचा दात वाटतो."

"तू ओरडणाऱ्यांचे दात बघ," दाढोबा म्हणाले होते. "माझे पेशंट शांत असतात."

घोड्याच्या दुधाच्या उपदाढा मागच्या दाढांसारख्याच दिसतात, हे दाढोबांना ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत त्यांनी त्यावर दीड पान लिहिलं होतं. पण परीक्षेत लिहिलेलं आयुष्यात वापरायचं, असा काही नियम नाही. मेहुण्याचं ते वाक्य मात्र अठ्ठावीस वर्षं त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. मेहुणा घरी आला की दाढोबांना हटकून तळघरात काम निघायचं.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा दगडात बसलेला एक अख्खा जबडा आला. त्यात तेच कंगोरेदार दात, अगदी आपापल्या जागी. नवे संचालक वयाने दाढोबांच्या नोकरीएवढे. ते स्वतः तळघरात उतरले.

"दाढोबा, तुमची घोडी सापडली! वर्धापनदिनाला मधल्या दालनात ठेवू."

"दातांखाली हाड फुगलंय, साहेब. आत काहीतरी आहे."

"खाली नेहमीच काहीतरी असतं. तेवढा दगड राहू द्या, आधार होतो." साहेबांनी जिन्याकडे वळता वळता उपदेशही केला, "जाता जाता तरी वरवर बघायला शिका."

सल्ला सोन्यासारखा होता. काहीही खोटं करायचं नव्हतं, फक्त थांबायचं होतं. दोन मिलिमीटर दगड आणि पापुद्र्याएवढं हाड तसंच ठेवलं की घोडी अमर, बायकोचं नाव दालनात, निरोपाला हार. एक दिवस दाढोबा खरंच थांबले. सगळ्या सुया पुसून ठेवल्या, कपाटातल्या डब्या उगाच सरळ केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हाताने आपोआप सुई उचलली. एकतीस वर्षांच्या सवयीला मालकाचं भलं कळत नाही.

तिसऱ्या दिवशी खालचा दात दिसला. अजून न उगवलेला, जाड एनॅमलचा, साधा. माहीत असलेल्या जुन्याच घोड्याचा. तो खालून रेटत होता आणि त्याच्या डोक्यावर दाढोबांची प्रगत जात टोपीसारखी बसली होती, पडायच्या बेतात. दुधाचा दात. घोडी नव्हतीच कधी, ते एक शिंगरू होतं.

खात्री करायला त्यांनी मेहुण्यालाच बोलावलं. म्हटलं, एकदाच काय ते दात विचकून घेऊ दे. मेहुण्याने भिंगातून पाहिलं.

"दुधाचाच, भावोजी. पण इतकी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?"

"तू म्हणाला होतास ना!"

"मी? कधी?" मेहुण्याला खरंच आठवत नव्हतं. "आणि तुम्ही ऐकलंत माझं?"

अठ्ठावीस वर्षं दाढोबांनी जो अपमान जपला, तो करणारा केव्हाच विसरून गेला होता. तरीही दुरुस्तीच्या टिपणात त्यांनी लिहिलं की ही शंका प्रथम दातांच्या एका डॉक्टरने घेतली होती आणि लेखकाने ती मूर्खपणाने उडवून लावली. "मूर्खपणाने" हा शब्द साहेबांनी खोडला. संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणे. टिपण छापायला गेलं. मधल्या दालनात जबड्याऐवजी संस्थापकांचा पुतळा बसला. त्याला दात दाखवायची गरज नव्हती.

घरी सांगणं बाकी होतं. बायको भांडी पुसत होती.

"म्हणजे माझं नाव गेलं?"

"जात नाही. एकदा दिलेलं नाव पुसता येत नाही. खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं, चुकांच्या रांगेत. लाल ठिपकाही राहतो. तो दात कुलपात कायम जपायचा."

"चुकीचा असला तरी?"

"तरी."

"लग्नासारखंच की," बायको म्हणाली.

हात पुसून ती कपाटाकडे गेली. लेख बाहेर काढला. फाडणार, असं दाढोबांना वाटलं. तिने शेवटच्या पानावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"दुरुस्तीही इथेच लिहा. बारीक अक्षरात. येणाऱ्याला अर्धवट दाखवायला मला आवडत नाही."

दाढोबांनी खिशातलं पेन काढलं.