मंडईपर्यंत बंद

दिवाळीच्या सुट्टीनंतर भंडाऱ्यातलं आमचं बेअरिंगचं दुकान शनिवारी सकाळी साडेनऊला उघडलं. दुपारी बारापर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही.

दुकान मोठ्या भावाचं. नागपूरच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तीन वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली आलो. बेअरिंग ओळखायला मला सहा महिने लागले, पण लिहायचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होतं. दिवाळीआधी भाऊ सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवतो. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान त्याच सुमारास घरी येतो, यंत्रं सुरू होतात आणि नेमकं तेव्हाच दुकान बंद असतं.

यंदाची सूचना धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी लिहिली. भाऊ रॅकवरचे डबे मोजता मोजता सांगत होता.

"लिही. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असते. आजच फडक्यानं पुसून फोटो पाठवा. बिघडल्यावर 'मोठं होतं, गोल होतं' असं फोनवर सांगू नका."

"गोल होतं, हे पण लिहू?"

"लिही न बे. दरवर्षी कोणी ना कोणी सांगतेच."

पुढचं त्यानं एका दमात सांगितलं. ग्रीस ठासून भरू नका, बेअरिंग तापते. आवाज बदलला की यंत्र थांबवा, आजचं काम उरकून घेतो म्हणू नका. नवीन बेअरिंगवर हातोडा मारू नका. बसवायच्या वेळेपर्यंत त्याचा कागद काढू नका.

"आणि दुकान कधी उघडणार?"

"मंडई झाली का उघडन."

मी लिहिलं, 'दुकान मंडईपर्यंत बंद राहील.'

आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेपासून गावोगावी एकेका दिवसाची जत्रा भरते, ती मंडई. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे जेवतात, दंडारीचं लोकनाट्य किंवा नाटक होतं. पाहुण्यांना दोन्हीकडे जाता यावं म्हणून शेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो एका दिवशी ठेवत नाहीत. भावाच्या आणि माझ्या डोक्यात एकच मंडई होती, आमच्या गावची, शुक्रवारची. तारीख नसलेल्या बातम्या अकरा वर्षं मी वार्ताहरांकडे परत पाठवत होतो. ही सूचना पाठवण्यापूर्वी मी दोनदा वाचली.

पहिलं उत्तर नव्यानेच बदलून आलेल्या एका पुणेकर गिऱ्हाइकाचं आलं. 'भाजी मंडई किती वाजता बंद होते?' भावाला वाटलं, त्यांना वांगी हवी असतील. त्यानं उत्तर दिलं, 'सकाळी लवकर जा.'

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही गावी पाहुण्यांच्या पंगतीत असताना भावाचा फोन वाजला. बोलणारा आमच्या बंद शटरसमोर उभा होता.

"का जी, दुकान काहून नाही उघडून राहिले?"

"मंडई हाय न आज."

"मंडई तं काल झाली!"

"कोणाची?"

"आमची!"

"आमची आज हाय."

मग भावानं त्याला जेवायला बोलावलं. तो मोटारसायकलनं आला, जेवला, नाटकाला थांबला, आणि पंपाच्या बेअरिंगची काही घाई नाही, सोमवारी येतो म्हणून गेला. या गोष्टीवर आम्ही दिवसभर हसलो. उलट बाजूनंही असंच होऊ शकतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ते शनिवारी बाराला कळलं. भावाला फोन आला, तो साकोलीच्या पलीकडच्या एका गावातून होता. बोलणाऱ्या बाईंचं हालर आहे, म्हणजे धान भरडून तांदूळ काढायचं यंत्र. ते त्यांनी याच वर्षी घेतलं होतं. हा त्यांचा पहिला हंगाम.

"भाऊजी, मंगळवारी किती वाजता उघडसान?"

"मंगळवारी काहून? दुकान उघडंच हाय."

"तुमीच लिहिलं न जी, मंडईपर्यंत बंद. आमची मंडई मंगळवारी हाय."

गुरुवारी संध्याकाळपासून बेअरिंग घरघरत होतं. सूचनेत लिहिल्याप्रमाणे त्यांनी हालर बंद केलं आणि सूचनेत लिहिल्याप्रमाणेच मंगळवारची वाट पाहत होत्या. अंगणात एकोणीस घरांची पोती पडून होती. मंडईच्या पाहुण्यांना नव्या तांदळाचा भात वाढायचा, म्हणून प्रत्येकाला मंगळवारच्या आत तांदूळ हवा होता.

"उद्या पोते उचलून हायवेवरच्या मिलवर नेतो म्हणतेत. एकदा गेले का वापस येत नाहीत लोकं. मग माहं हालर कोणासाठी फिरवू?"

"नंबर?"

"फोटो पाठवला न बुधवारीच."

फोटो होता. पुसलेला, स्वच्छ, नंबर स्पष्ट. ६३०८. भावानं डबा आणि जुनं बेअरिंग ओढायचा पुलर माझ्यापुढे ठेवला.

"तूच लिहिलं, तूच जा."

साडेबाराची एसटी मिळाली. साकोलीच्या स्टँडवर बाईंचे यजमान मोटारसायकल घेऊन उभे होते. अडीचला हालरपाशी पोचलो. पोत्यांवर सहा-सात जण बसले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "हेच का मंडईवाले?"

जुनं बेअरिंग पुलरनं निघालं. नवीन बेअरिंग दांड्यावर घट्ट होतं, ते गरम तेलात तापवूनच बसवावं लागणार होतं. मी कढई मागितली. बाईंच्या सासूबाई दारात आल्या.

"अनारशाची कढई हाय ते! त्यात लोखंड तळता का जी?"

"आई, अनारसे डबाभर हायेत," बाई म्हणाल्या. "तांदूळ नाही हाय."

सासूबाई आत गेल्या आणि कान तुटलेली जुनी कढई घेऊन आल्या. "तेल माहं नाही मिळत," त्यांनी बजावलं. कढईत मशीनचं तेल ओतलं आणि चुलीवर ठेवलं.

"लाल होईस्तोवर ठेवतेत का?" पोत्यावरून प्रश्न आला.

"नाही. पाण्याचा थेंब चुर्र होईपर्यंतच."

"मंग थे तं पापडाएवढंच तळाचं हाय."

बेअरिंग बाहेर काढून वर थेंब टाकला. चुर्र झाला. जाड फडक्यात धरून ते दांड्यावर सरकवलं, हातानंच जागेवर गेलं. निवल्यावर ग्रीस भरलं, पट्टा चढवला. चार वाजून दहा मिनिटांनी हालर सुरू झालं. बाईंनी पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि आवाज ऐकायला त्याच्या मुठीला कान लावला.

"घरघर नाही हाय जी," त्या म्हणाल्या, आणि पहिलं पोतं ओतायला सांगितलं.

परतीच्या बसमधून मी सगळ्या गिऱ्हाइकांना दुरुस्ती पाठवली. 'मंडई म्हणजे आमच्या गावची. ती झाली. दुकान आजपासून सुरू आहे.' लाखनी येईपर्यंत चार उत्तरं आली. तिघांनी विचारलं होतं, तुमचं गाव कोणतं. चौथं पुणेकरांचं होतं. त्यांना वांगी नको होती, पंख्याचं बेअरिंग हवं होतं.

रविवारी कोणीही पोतं उचलून नेलं नाही. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला हालरवाल्या बाईंचा निरोप आला, एकोणिसाव्या घरचा तांदूळ गेला. मंगळवारी त्यांच्या गावची मंडई झाली. त्या दिवशी हालर बंद होतं.