शुक्रवारपुरती ऊब

म्हाताऱ्या बायकांची डोकी धुणाऱ्या माणसापासून काही लपत नाही. चौतीस वर्षं मी उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नसाइडमध्ये घरोघर जाऊन केस धुते, कापते, रोलर लावून बसवते. कोण नीट जेवत नाही, कोण दुपारपासूनच प्यायला बसतं, कुणाच्या पोराने फोन करणं टाकलंय, टाळूवर बोटं टेकली की मला कळतं. निदान मला तसं वाटायचं. म्हणूनच थेल्मामावशीचं जे झालं त्याबद्दल मला सरकारचा जितका राग येतो तितकाच माझाही येतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे मी चार लोकांना शिव्या घालणार आहे, तेव्हा स्वतःला सोडलं असं कुणी म्हणायला नको.

थेल्मा स्टोबार्ट, वय ब्याऐंशी. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. एकतीस वर्षं ती आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. अर्ध्या गावाने तिच्या हातचं कस्टर्ड खाल्लंय आणि ताटात टाकलं म्हणून तिची बोलणीही. नवरा विल्फ कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद झाली, मग त्याची छाती भरत गेली आणि अकरा वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं घर, दोन खोल्या खाली, दोन वर, साठ वर्षं तेच. दारापुढची पायरी रोज घासायची, मग पाऊस असो की बर्फ. शुक्रवारी सकाळी दहा ही माझी तिच्याकडची वेळ.

त्या उन्हाळ्यात नवं सरकार आलं आणि आल्या आल्या त्याने जाहीर केलं की म्हाताऱ्यांना हिवाळ्यात घर तापवायला मिळणारे पैसे बंद. आजवर ते पेन्शनवाल्या सगळ्यांना मिळायचे, न मागता, नाताळाच्या आधी आपोआप बँकेत यायचे. आता ते फक्त गरिबीचा भत्ता घेणाऱ्यांना मिळणार होते. आणि भत्ता घेत नसाल तर आधी त्याचा फॉर्म भरा. त्या फॉर्ममध्ये दोनशेच्या वर प्रश्न. असला फॉर्म ज्याने काढला त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं, बिनपाण्याने करते त्याची.

गाव भडकलं. आमच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या याच पक्षाला मतं दिलेली, त्यामुळे घरातल्यानेच पाठीत सुरा खुपसल्यासारखं झालं. ज्या माणसांनी कधी खिडकीत फुलदाणीशिवाय काही ठेवलं नव्हतं त्यांच्या खिडक्यांत पोस्टर लागली. चॅपलच्या हॉलमध्ये सभा झाली तेव्हा बसायला जागा नव्हती. मावशी उठली आणि म्हणाली की विल्फने एकोणतीस वर्षं जमिनीखालून कोळसा काढून अख्ख्या देशाला शेकायला दिला, आता त्याच्या बायकोने शेकायचं की नाही हे लंडनमधली पोरं ठरवणार. लोक उभे राहिले. मीही उभी राहिले, आणि तेव्हा मला वाटलं की ही बाई कुणाला ऐकायची नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी गेले तर स्वयंपाकघर गार. ती दोन स्वेटर घालून बसलेली. गॅसचा खर्च दाखवणारं ते छोटं यंत्र असतं ना, ते तिने घड्याळाशेजारी मांडलं होतं आणि दर दोन मिनिटांनी तिची नजर तिकडे जात होती. मी केस धुतले तर ते वाळता वाळेनात. पुढच्या खेपेला मी तो फॉर्म घेऊन गेले. तिचं पेन्शन किती, विल्फच्या खाणीचं किती येतं, सगळं मला माहीत होतं. भत्ता तिला नक्की मिळाला असता, आणि भत्त्यामागून हिवाळ्याचे पैसेही. तिने कागदांची पहिली ओळ वाचली आणि गठ्ठा टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"हे परत ने, पोरी."

"मावशी, हक्क आहे तुझा."

"हक्काचं असतं ते न मागता मिळतं. मागून मिळते ती भीक."

मग पियानोची गोष्ट. ही मी लहानपणापासून ऐकत आलेय. एकोणीसशे तीसनंतरच्या मंदीत तिचे आजोबा बेकार झाले आणि मदतीसाठी अर्ज केला. तेव्हा तपासणीचा माणूस घरी आला. त्याने कपाटं उघडली, फडताळात पाव किती आहेत ते बघितलं, अंथरुणांवरच्या चादरी उचलल्या. मग पुढच्या खोलीतला पियानो बघून म्हणाला, आधी हा विका, मग या. मावशीची आई तेव्हा बारा वर्षांची होती. पियानो बाहेर नेताना शेजारपाजारचे सगळे बघत होते. मावशीचा त्या वेळी जन्मही झालेला नव्हता, पण सांगायची ती स्वतः दारात उभी राहून बघितल्यासारखं. आमच्याकडे अशी एक तरी गोष्ट घरोघर आहे. कुणाच्या घरी पियानो, कुणाच्या घरी चांगलं टेबल. त्यामुळे फॉर्म म्हटलं की आमच्या जुन्या माणसांना तो चादरी उचलणारा माणूस दिसतो. दोनशे प्रश्न विचारणाऱ्याला हे कुठून कळणार.

मी हात टेकले नाहीत. एकवीस डिसेंबरच्या आत अर्ज गेला तर या हिवाळ्याचे पैसे मिळणार होते, नाहीतर नाही. तेव्हा दर शुक्रवारी रोलर लावता लावता मी तेच लावून धरलं. ती कधी विषय बदलायची, कधी मला म्हणायची की तुझी कात्री बरी, तुझी जीभ जास्त धारदार. ऑक्टोबरात तिच्या पाठीमागच्या भिंतीवर ओल चढली. हाताची बोटं निळसर दिसायला लागली. मला म्हणाली, वय झालं की रंग बदलतो.

नोव्हेंबरात शहरात खासदाराच्या कचेरीसमोर निदर्शनं ठरली. आदल्या दिवशी मावशीने मला मुद्दाम बोलावलं. चांगले केस बसवून दे म्हणाली, भांडायला जायचंय. आमच्याकडे ही रीतच आहे. तक्रार करायला जायचं तर रविवारचे कपडे घालून जायचं. मळक्या कपड्यांत गेलं तर लोक म्हणतील, बघा, म्हणून यांना कुणी विचारत नाही. मी जीव ओतून तिचे केस केले. दुसऱ्या दिवशी ती उंटाच्या रंगाचा कोट घालून, चांदीचा ब्रोच आणि लिपस्टिक लावून थंडीत तीन तास ताठ उभी राहिली, फलक हातात धरून. एका फोटोवाल्याने तिचा फोटो घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर गेला.

आणि मग लोकांची तोंडं सुटली. हिला म्हणे थंडी वाजते, कोट बघा हिचा. तो कोट तिने मी शाळेत असताना भाचीच्या लग्नासाठी घेतलेला होता, पण हे कोण सांगणार. कुणी लिहिलं, पार्लरला जायला पैसे आहेत आणि गॅसला नाहीत. ते पार्लर म्हणजे मी. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी एकेकाला उत्तरं देत बसले, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तो फोटो आणखी पुढे गेला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी शहाण्याने तिला सगळं वाचून दाखवलं. ती पावाचे पैसे देऊन घरी गेली आणि त्यानंतर सभेला आली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी घाबरत घाबरत दार वाजवलं. स्वयंपाकघर मस्त उबदार होतं. रेडिएटरला हात लावला तर चटका बसला. मावशी पातळ ब्लाउजवर बसलेली. मला म्हणाली, "लावते आता मी हीटर. भागतं माझं. तो कागद पुन्हा दाखवू नकोस."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मला बरं वाटलं, कारण मलाही रोज उठून भांडायचा कंटाळा आला होता. वाटलं, टीका मनाला लागली असेल पण अक्कल तरी आली. त्यापुढचा प्रत्येक शुक्रवार तसाच उबदार. एकवीस डिसेंबर आला आणि गेला. मी फॉर्मचं नावही काढलं नाही.

आता बसून विचार करते तर सगळं समोर होतं. खोली गरम, पण खुर्चीत बसलं की बैठक बर्फासारखी लागायची. लोणी दगडासारखं, चहाबरोबर पावाला लावायला घेतलं की पाव फाटायचा. कपाटातून टॉवेल काढला तर गार आणि दमट. हवा तेवढी तापलेली आणि वस्तू सगळ्या गारठलेल्या. म्हणजे कुणीतरी तासाभरापूर्वीच हीटर लावलाय, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला तिच्या टाळूवर बोटं ठेवायची होती ना, मी टाळूच बघत राहिले.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. रस्त्यावरचं गोठलेलं पाणी आठ दिवस वितळलं नाही. माझी रोलरची पेटी मी शुक्रवारी मावशीकडे विसरले होते, ती आणायला मंगळवारी दुपारी गेले. दार वाजवलं, उत्तर नाही. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. आत शिरले तर माझ्या तोंडातून वाफ निघाली. सिंकमधलं फडकं लाकडासारखं कडक झालेलं. हाका मारत वर गेले. ती अंथरुणात होती, तोच उंटाच्या रंगाचा कोट अंगात, डोक्यावर लोकरीची टोपी, वर विल्फचे दोन कोट टाकलेले. तिला हुडहुडीसुद्धा भरलेली नव्हती. काकडायचं थांबलं की माणूस हातचं जायला लागतं, हे मला माझ्या आईने सांगितलं होतं.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून ओशाळली.

"शुक्रवार आहे का आज? अगं बाई, मी हीटर लावलाच नाही."

मी तिला अंगाशी धरून बसले ते रुग्णवाहिका येईपर्यंत. तेवढ्या वेळात ती विल्फशी बोलत होती, पायरी घासायची राहिली म्हणत होती. माझ्याशी एकच वाक्य बोलली, की तू यायचीस म्हणून मी लावत होते, पाहुण्याला गार खोलीत कोण बसवतं.

ती वाचली. छातीत पाणी झालं होतं, सहा आठवडे हॉस्पिटलात गेले, आणि बाहेर आली ती अर्धीच. चालता येईना, वार कळेनात. घरी एकटी राहू शकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. लीड्सहून तिचा पुतण्या आला. सज्जन माणूस आहे, पण त्याने पुढ्यात आलेल्या कागदांवर सह्या केल्या आणि परत गेला. मावशी शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात गेली. मार्चअखेर घर कौन्सिलकडे परत गेलं आणि तिथे एक तरुण जोडपं बाळाला घेऊन राहायला आलं. त्यांची काही चूक नाही. पण त्या रस्त्याने जाताना मी अजून दुसऱ्या बाजूला बघते.

वृद्धाश्रमात उकडतं. खिडक्या उघडत नाहीत, रेडिएटर उन्हाळ्यातही कोमट असतात, आणि म्हातारी माणसं गाल लाल करून ओळीने पेंगत बसतात. तिथे एका आठवड्याला जो खर्च होतो त्यात मावशीचं घर तीन-चार हिवाळे तापलं असतं. तो खर्च सरकार बिनबोभाट करतं. त्याचा हिशोब मी एकदा तिथल्या मॅनेजरबाईला ऐकवला, त्या बिचारीने मान डोलावली.

जूनमध्ये सरकारने माघार घेतली. लोकांनी स्थानिक निवडणुकीत दणका दिला होता, पत्रं लिहून लिहून खासदारांना सळो की पळो केलं होतं. मी मावशीचे केस विंचरत होते आणि समोर टीव्हीवर बातमी लागली. थोडे श्रीमंत सोडले तर बाकी सगळ्यांना पैसे पुन्हा मिळणार. दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं मावशी झोपलीय, पण ती टीव्हीकडे टक लावून बघत होती, आणि कित्येक महिन्यांत नव्हते इतके तिचे डोळे स्वच्छ होते.

"फॉर्म भरायचा आहे का?"

"नाही. आपोआप येणार, पहिल्यासारखे."

"घर बघायला कुणी येणार नाही?"

"कुणी नाही."

तिने थोडा विचार केला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. "मग घेईन की. सगळ्यांना देतात तर लाज कसली. कोट आण माझा, घरी जाऊ या."

मी तिला हळूच खाली बसवलं. आजूबाजूला बघितलं, कुणीतरी येईल आणि हे माझ्या अंगावरून जाईल असं वाटलं, पण कुणी आलं नाही. घराचं आजवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं. खोटं बोलायचं मनात आलं, जिभेवर आलं होतं. पण या बाईने मला कस्टर्ड वाढलं होतं आणि एक थंडीभर माझ्यासाठी खोली तापवली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि सांगितलं की मावशी, घर गेलं गं. मार्चमध्येच दुसऱ्यांना दिलं.

ती रडली नाही. तिला ते पटेचना. कपाळाला आठ्या घालून ती माझ्याकडे बघत राहिली, जशी शाळेत चोरी करून नाही म्हणणाऱ्या पोराकडे बघायची.

"पण भाडं तर मी कधी चुकवलं नाही," ती म्हणाली. "साठ वर्षांत एक आठवडा नाही. गॅस बंद ठेवला पण भाडं भरलं. तू सांग ना त्यांना, पोरी."

मी सांगते म्हटलं.